दोन शनिवारांची आई

दुसऱ्या बाईचा हात मला पहिल्यांदा दिसला तो माझ्या लेकीच्या वेणीत. लातूरच्या बसस्टँडवर तिचे वडील तिला सोडायला आले, नेहमीसारखे एक शब्दही न बोलता मोटारसायकल वळवून निघून गेले, आणि माझी आठ वर्षांची पोर माझ्यासमोर उभी राहिली. केस चापूनचोपून विंचरलेले, मधोमध सरळ भांग, पाठीवर चार पदरांची वेणी आणि टोकाला जांभळी रिबीन. मला तीन पदरांचीच वेणी येते.

"कुणी घातली गं?" उत्तर माहीत असून मी विचारलं.

"मम्मीनं. नव्या मम्मीनं."

त्याच महिन्यात तिच्या वडिलांनी दुसरं लग्न केलं होतं. बाई शिरूर अनंतपाळकडची, माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी लहान, एवढंच मला कळलं होतं. लेक मला पहिल्यापासून आई म्हणायची. त्यामुळे मम्मी हा शब्द रिकामाच पडला होता, आणि तो त्या बाईला आयता मिळाला.

आम्ही बागेत गेलो, झाडाखाली बसलो. डब्यातून आणलेले धपाटे तिनं खाल्ले. मग मी तिला पुढ्यात ओढलं, रिबीन सोडली, सगळी वेणी उसकटली आणि माझ्या कंगव्यानं पुन्हा विंचरून माझी तीन पदरांची घातली. ती मान तेवढी ताठ धरून बसली. संध्याकाळी स्टँडकडे निघालो तेव्हा मात्र माझा पदर ओढून म्हणाली, "आई, आधी होती तशी घालून दे ना. मम्मी विचारेल." मी प्रयत्न केला. चौथा पदर कुठून घ्यायचा तेच मला कळेना. दोनदा सोडली, तिसऱ्यांदा तशीच वेडीवाकडी गुंडाळली. तिचे वडील आले, त्यांनी केसांकडे पाहिलंसुद्धा नाही. पण घरी गेल्यावर ती बाई पाहणार होती. नांदेडला परतताना अहमदपूरपर्यंत मी त्याच विचारात होते. तिनं ती गुंडाळी पाहिली असेल, हसली असेल, आणि शांतपणे सोडून पुन्हा चार पदरांची घातली असेल.

मी नांदेड डेपोला कंडक्टर होते. नवऱ्याचं आणि माझं पटलं नाही, ती गोष्ट वेगळी आणि जुनी. तो लातूरला आपल्या आईकडे परत गेला, गंजगोलाईतल्या घरच्या दुकानात बसू लागला. लेक माझ्याजवळ होती, पण माझी ड्युटी कधी सकाळची, कधी मुक्कामी. इस्लापूरच्या मुक्कामी गाडीवर नाव लागलं की संध्याकाळी गाडी घेऊन जायचं, रात्री तिथंच थांबायचं, सकाळी परत. लेक शेजारच्या काकूंकडे झोपायची. एका दिवाळीच्या सुट्टीत ती लातूरला आजीकडे गेली आणि तिच्या वडिलांनी तिला परत पाठवलंच नाही. तिथल्याच शाळेत नाव घातलं. कोर्टात तारखा पडत गेल्या तोवर ती तिथं रुळली होती. न्यायाधीशांनी तिला आपल्या खोलीत बोलावून विचारलं. ती म्हणाली, "आई गाडीवर जाते. आजी घरी असते." तिनं खरं तेच सांगितलं. ताबा वडिलांकडे गेला. मला महिन्यातले दोन शनिवार आणि मोठ्या सुट्ट्यांमधली अर्धी सुट्टी मिळाली.

निकाल लागला त्या दिवशी मी कोर्टाच्या पायरीवर बसून राहिले होते. माझ्या वकीलबाई वयानं मोठ्या, बोलायला कडक. त्या शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "रडून घ्या. मग सांगते काय करायचं ते."

रडणं थांबल्यावर त्यांनी सांगितलं. "भेटीचा एकबी शनिवार चुकवायचा न्हाई. त्यांनी पोरगी आणली न्हाई तरी जाऊन बसायचं, म्हणजे तुम्ही आला होतात ह्याचा पुरावा राहतो. शाळेत जात जा, आईला शाळा अडवू शकत न्हाई. रोज फोन करा, दोन मिनिटं का होईना. अन् त्या घरात काय चाललंय ते पोरीच्या तोंडून काढू नका. परिस्थिती बदलली तर पुन्हा अर्ज करता येतो, तोवर हेच तुमच्या हातात हाय."

मी सगळं पाळलं. शनिवारासाठी मी रजा टाकल्या, ड्युट्या बदलून घेतल्या, ताप अंगात घेऊन लातूर गाठलं. फक्त शेवटची गोष्ट, त्या घरातलं काढून न घेण्याची, ती माझ्याच्यानं पाळली जाईना. लग्नानंतर तर मुळीच नाही. मी गोड बोलून विचारायचे. डब्यात काय असतं? अभ्यास कोण घेतं? ती रागावते का गं? मारते का कधी? आणि लेक "न्हाई" म्हणाली की मला बरं वाटायच्या ऐवजी माझी निराशाच व्हायची. एकदा तिच्या कोपरावर खरचटलेलं दिसलं तेव्हा माझं काळीज आशेनं उडालं. हो, आशेनंच. "कसं झालं?" तर सायकलवरून पडली होती, आणि मम्मीनं हळद लावली होती.

मी नेलेल्या वस्तूसुद्धा हरायच्या. मी फ्रॉक न्यायचे तर तसाच तिच्याकडे आधीच असायचा. मी शेंगदाण्याचे लाडू न्यायचे तर ती एक खाऊन म्हणायची, "छान हायेत. मम्मी यात वेलदोडा घालती." पुढच्या वेळी मी वेलदोडा घातला. तिला ते कळलंही नाही.

शाळेत पालकांची बैठक होती. नव्या वर्गाच्या बैठकीला मी पहिल्यांदाच गेले होते, वर्गशिक्षिका बाई मला ओळखत नव्हत्या. वर्गाच्या दारात बाईंनी माझं नाव विचारलं, हातातल्या कागदावर पाहिलं आणि गोंधळल्या. "पण तिच्या मम्मी तर आल्यात." मी आत पाहिलं. दुसऱ्या बाकावर हिरव्या साडीतली एक बारीक बाई बसली होती. मी मनात जी रंगवली होती तिच्यात आणि हिच्यात काही सारखं नव्हतं. मी उंच, गोरी, ठसक्यात बोलणारी बाई रंगवली होती. ही सावळी, दात किंचित पुढे आलेली. ती उठली, बाकावर सरकली आणि म्हणाली, "या ताई, बसा की."

तिनं माझ्याशी भांडावं असं मला फार वाटत होतं. आम्ही खांद्याला खांदा लावून लहान पोरांच्या बाकावर बसलो. बाईंनी गुणपत्रिका दिली ती तिच्या हातात. तिनं न पाहताच माझ्याकडे सरकवली. "तुम्ही बघा आधी. गणितात जरा मागं हाय. माझंबी गणित कच्चं, मला शिकवता येत न्हाई." मी रोज माणसांनी भरलेल्या गाडीत तोंडी हिशेब करणारी बाई. माझं गणित पक्कं. पण मी ऐंशी मैलांवर, आणि ती स्वयंपाकघरातून हाक मारली की ऐकू येईल एवढ्या अंतरावर. मी बाईंना माझा नंबर दिला, नाव लिहून घ्यायला लावलं, "आई" असं पुढं लिहा म्हणाले. बाहेर पडताना त्या बाईनं विचारलं, "चहा घेऊ या का ताई?" मी म्हटलं, "गाडीची वेळ झाली." गाडीला तासभर होता. तो मी स्टँडवर एकटीनं काढला.

त्या वर्षीच्या उन्हाळ्यात लेक माझ्या वाट्याच्या अर्ध्या सुट्टीसाठी नांदेडला आली. मी रजा साठवून ठेवली होती. नवी गादी, कूलर, तिच्या आवडीचे आंबे. चार दिवस सोन्यासारखे गेले. पाचव्या दिवशी दुपारी तिला ताप चढला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पण ती गोळी घेईना. जिभेवर ठेवली की थुंकायची. मी समजावलं, दटावलं, शेवटी नाक दाबलं. तेव्हा ती किंचाळून रडली आणि म्हणाली, "मम्मीला विचार! तिला येतं!"

मी फोन घेऊन बाहेर ओट्यावर गेले. तिचा नंबर माझ्याकडे होता, कधी लावला नव्हता; लेकीशी रोजचं बोलणं आजीच्या फोनवर व्हायचं.

"हॅलो, ताई? काय झालं? बरी हाय ना?" तिचा आवाज एकदम घाबरलेला.

"ताप हाय जरा. गोळी घेईना."

"नाक दाबू नका ताई, लई चिडती. गोळी चेचा, गुळाच्या खड्यात घाला. अन् तिला वीसपासून उलटे अंक म्हणायला लावा. म्हणता म्हणता गिळून टाकती, तिचं तिलाबी कळत न्हाई."

मी "बरं" म्हणून फोन ठेवला. आभार मानले नाहीत. आत जाऊन गोळी चेचली, गुळात घातली. "वीस, एकोणीस, अठरा," ती हुंदके देत म्हणू लागली. बारावरच गिळली. माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. तिच्या कपाळाला हात लावून मी बसले होते, ताप उतरतोय हे हाताला कळत होतं, आणि मी त्या उपायावर जळत होते. माझ्या घरात, माझ्या गादीवर, माझ्या मांडीवरही ती बाई आलीच होती.

त्यानंतरच्या वर्षी त्या बाईला मुलगा झाला.

मला ते लेकीच्या तोंडूनच कळलं. शनिवार होता, बागेत नेहमीच्या जागी बसलो होतो, आणि लेक डब्याला हात लावत नव्हती. "सगळे त्याचंच बघतात," ती म्हणाली. "मम्मी त्याला घेऊन झोपती. मला आजीजवळ टाकलंय. पप्पा दुकानातून आले की आधी त्याच्याकडंच." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "आई, मी तुझ्याकडं येऊ का? कायमची?"

त्या दिवशी मी गंजगोलाईतून कशी चालत गेले मला आठवत नाही. एवढी गर्दी, हातगाड्या, भोंगे, कशाचा म्हणून मला धक्का लागला नाही. जे मला जमलं नव्हतं ते एका तान्ह्या पोरानं करून दाखवलं होतं. माझी लेक आता माझ्याच आजारानं आजारी होती, आणि मला तिचं दुःख कळायच्या आधी आनंद झाला.

सोमवारी मी वकीलबाईंसमोर. "बाई, परिस्थिती बदलली. अर्ज करा."

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "पोरगी आज रुसलीय," त्या म्हणाल्या. "दोन-चार महिन्यांनी जजसाहेबांसमोर बोलायची वेळ येईल तेव्हाबी रुसलेली राहील का?"

"राहील."

"बरं. मग ती येणार कुठं? इस्लापूरला मुक्कामाला गेलेल्या गाडीत?"

मी टेबलावरच्या माझ्या जुन्या फाइलकडे पाहिलं.

"ताबा कशानं गेला ते आठवा. पोरीचं तुमच्यावर प्रेम न्हाई म्हणून गेला न्हाई. तुमच्या ड्युटीनं गेला. ती तशीच ठेवून परत त्याच दारात जाऊन काय मिळणार? लातूरला बदली मागा. शाळेजवळ खोली घ्या. तिची शाळा मोडायची न्हाई, घर मोडायचं न्हाई, अन् तुम्ही रोज समोर. मग बोलू."

बदली मागणं सोपं असतं. लातूर डेपोतली एक कंडक्टर बाई नवऱ्याच्या नोकरीसाठी नांदेडला यायला तयार होती, म्हणून आपसात बदलीचा अर्ज केला. तरी पावसाळा गेला, दिवाळी गेली. मी ऑफिसच्या पायऱ्या झिजवत राहिले आणि दर शनिवारी लेकीला सांगत राहिले, "येणार हाय मी, थांब."

एका शनिवारी ती हसतच आली. बाळ तिच्याकडे बघूनच हसतं, दुसऱ्या कुणाकडे बघून नाही. बाळाला पहिला दात आलाय. बाळ तिच्या मांडीवरच झोपतं, मम्मी म्हणते तुझ्या हाताला गुण आहे. दिवसभर बाळ. शेवटी मी विचारलंच, "माझ्याकडं कायमची यायचं म्हणत होतीस ना?"

ती क्षणभर आठवत राहिली. "ते तेव्हा," ती म्हणाली. "आता बाळ कसं राहील माझ्याबिगर?"

एका दाताच्या पोराचा मला हेवा वाटला. कुणाला सांगितलं तर हसतील.

आणि त्याच आठवड्यात बदलीचा हुकूम आला. मी तो घेऊन डेपोतल्या विश्रांतीच्या खोलीत बसले. आता जाऊन करायचं काय? नांदेडला माझी खोली होती, ओळखीची माणसं होती, गोदावरीवरून येणारा वारा होता. लातूरला कुणी माझी वाट बघत नव्हतं. सोबतच्या बायका म्हणाल्या, रद्द करून घे. पण त्या गावात ती बाई रोज आहे आणि मी महिन्यातून दोनदा, हे मला आता एक दिवसही सोसवत नव्हतं. मायेनं गेले म्हणा, जळून गेले म्हणा. सामान टेम्पोत घातलं आणि गेले.

शाळेपासून चालत जाता येईल अशी एक खोली घेतली. अर्ज करण्याआधी एकदा बोलून बघा, असं वकीलबाईंनी सांगितलं होतं. म्हणून एका रविवारी मी त्या घरी गेले. लग्न करून ज्या घरात आले होते त्याच घराच्या बैठकीत पाहुण्यासारखी बसले. लेकीची आजी पाणी ठेवून आत गेली.

मी म्हटलं, "मी इथंच राहायला आलेय. सकाळची ड्युटी असली की दुपारी मोकळी असते. शाळा सुटल्यावर पोरगी माझ्याकडं येऊ दे. संध्याकाळी आणून सोडते. गणितबी घेईन."

तिचे वडील मोबाइलवरून नजर न काढता म्हणाले, "कोर्टानं दिलेत ते दिवस घे. रोज रोज नको."

"रोज न्हाई म्हणत मी. ड्युटी असेल तसं."

"न्हाई म्हटलं ना एकदा."

स्वयंपाकघराच्या दारात ती उभी होती. कडेवर बाळ, खांद्यावर दुपटं. डोळ्यांखाली काळं आलेलं. ती म्हणाली, "असू द्या की. जाऊ द्या तिला. शाळेतून आली की मी या पोरात गुंतलेली, तिचं काही बघायला होत न्हाई. तोंड बारीक करून बसती ती. तिथं आईजवळ बसंल." नवऱ्यानं वर पाहिलं. ती पुढं म्हणाली, "तिची आई हाय ती. आपण कोण न्हाई म्हणणार?"

ते काही बोलले नाहीत. त्या घरात तो होकार असतो, हे मला आठवत होतं. पुढं दोन्ही वकिलांनी ते समजुतीनं कोर्टात मांडलं आणि कोर्टानं मान्य केलं.

खोलीवर परत येताना मला आनंद व्हायला हवा होता. झालाही. पण कोर्टानं जे दिलं नव्हतं, नवऱ्यानं दिलं नव्हतं, ते तिनं दारात उभं राहून, बाळाचं दुपटं सावरता सावरता देऊन टाकलं, हे मला जड जात होतं. देणारी ती आणि घेणारी मी. जिच्यावर इतकी वर्षं जळले तिचेच उपकार घेऊन माझ्या लेकीची दुपार माझ्या खोलीत येणार होती.

ती येऊ लागली. दप्तर कोपऱ्यात टाकते, हातपाय धुते, भाकरी आणि दही खाते. आम्ही अपूर्णांक करतो. तिला छेद सारखा करायचा कंटाळा येतो, मग मी तिला गाडीतल्या सुट्ट्या पैशांवर शिकवते. कधी नुसत्या पडून राहतो, पंख्याकडे बघत. ती शाळेतल्या मैत्रिणींचं सांगते, मध्येच बाळाचं, मध्येच मम्मीचं. मी आता खोदून विचारत नाही. ऐकताना मात्र अजून दात आवळले जातात. पूर्वी सगळा शनिवार आवळलेले असायचे, आता थोडा वेळ. संध्याकाळी तिला सोडायला जाते तेव्हा ती बाई दारातूनच विचारते, "खाल्लं का तिनं?" आणि मी सांगते. कधी तीच सांगते की काल रात्री खोकत होती, गार काही देऊ नका. मी हो म्हणते. एवढंच आमचं बोलणं.

परवा माझी दुपारची शिरूर अनंतपाळची फेरी होती. लातूरहून गाडी निघताना दोघी चढल्या. तिच्या कडेवर बाळ, लेकीच्या हातात पिशवी. माहेरी जत्रा होती. लेक मला बघून ओरडलीच, "आई! तुझीच गाडी?" सगळी गाडी वळून बघायला लागली. मी तिकीट मशीन घेऊन त्यांच्या बाकाजवळ गेले. आता बायकांना अर्धं तिकीट, लेकीचंही वयानं अर्धं. दोन तिकिटं काढून तिच्या हातात दिली, तिनं पैसे दिले, मी सुटे परत केले.

पलीकडच्या बाकावरच्या एका म्हातारीनं लेकीला विचारलं, "कंडक्टरबाई तुझी माय, मग ही कोण गं?"

"ही मम्मी," लेक म्हणाली, जणू प्रत्येकाच्याच घरी तसं असतं.

म्हातारी बिचारी माझ्याकडे बघत राहिली. मी पुढच्या बाकाचं तिकीट फाडायला, म्हणजे मशीनमधून काढायला वळले. रेणापूरचे दोघंजण चुकीच्या गाडीत बसले होते, त्यांना उतरवून देण्यात बराच वेळ गेला.

मागं पाहिलं तर ती बाई बाळाला घेऊन पेंगत होती आणि लेकही तिच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली होती. तोंड जरासं उघडं. ऊन तिच्या गालावर येत होतं. मी कंडक्टरच्या सीटवरून उठले, त्यांच्या बाकाशी गेले आणि खिडकीची काच ओढून घेतली. ती बाई जागी झाली. तिनं माझ्याकडे पाहिलं, खांद्यावरच्या डोक्याकडे पाहिलं, आणि हळूच म्हणाली, "तुम्ही बसता का इथं, ताई? माझा खांदा अवघडलाय."

सगळी तिकिटं काढून झाली होती आणि पुढचा थांबा लांब होता. तिनं बाळासकट उठून जागा करून दिली. लेकीचं डोकं मी अलगद माझ्या खांद्यावर घेतलं. तिला जाग आली नाही. ती बाई दांड्याला एका हातानं धरून, कडेवर पोर घेऊन माझ्या शेजारी उभी राहिली. मी तिला समोरची माझी सीट दाखवली. कंडक्टरच्या सीटवर प्रवासी बसवायचा नसतो. ती बसली.